लिस्बन ते हेलसिंकी: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

लिस्बन आणि हेलसिंकी या दोन राजधान्यांमध्ये किती अंतर आहे असे संगणकाला विचारले, तर कुठे ३३६० किलोमीटर, कुठे २०९० मैल, कुठे १८१५ सागरी मैल, तर कुठे चार हजार किलोमीटरच्या पुढचा एखादा आकडा मिळतो. उड्डाणाला किती वेळ लागतो असे विचारले, तर चार तासांपासून पावणेपाच तासांपर्यंत वेगवेगळी उत्तरे येतात. यांतली बहुतेक उत्तरे बरोबर असतात. फक्त प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचे असते. युरोपचा प्रवास आखताना हॉटेलचे आरक्षण, पुढच्या गाडीचे तिकीट आणि घेण्यासाठी येणाऱ्या माणसाची वेळ हे सगळे याच आकड्यांवर ठरत असल्यामुळे, समोरचा आकडा नेमका कशाचा आहे हे आपल्याला ओळखता आले पाहिजे, आणि गरज पडल्यास कागदावर काढूनही पाहता आले पाहिजे.

उदाहरणासाठी हीच जोडी घेण्याचे कारण असे की, ही दोन शहरे युरोपच्या नैर्ऋत्य आणि ईशान्य टोकांजवळ आहेत, त्यांच्या घड्याळांत दोन तासांचा फरक आहे, आणि एका दिशेने जाताना वारा साथ देतो तर परतताना तोच आडवा येतो. युरोप म्हणजे तासा-दीड तासाची उड्डाणे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३२१४ किलोमीटर आहे आणि हे अंतर त्याहूनही जास्त भरते.

सर्वांत आधी अंतर कोणत्या दोन बिंदूंमधले मोजायचे ते ठरवावे. शहराचे अंतर त्याच्या मध्यापासून धरतात, विमान मात्र विमानतळावरून निघते. लिस्बनचा उंबेर्तो देल्गादो विमानतळ शहराच्या मध्यापासून सातेक किलोमीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ शहरातच. हेलसिंकीचा विमानतळ उत्तरेला वांता या शेजारच्या गावात, वीसेक किलोमीटरवर आहे. शहर ते शहर अंतर ३३६० किलोमीटर आणि विमानतळ ते विमानतळ ३३६४ किलोमीटर, इतकाच फरक इथे पडतो. परंतु सगळीकडे असे नसते. पॅरिसच्या नावाने विकले जाणारे बोव्हे विमानतळाचे तिकीट आपल्याला पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर उतरवते, आणि फ्रँकफुर्टचे नाव लावणारा हान विमानतळ फ्रँकफुर्टपासून शंभर किलोमीटरहून अधिक लांब आहे. म्हणून तिकिटावर शहराच्या नावाशेजारी असलेला तीन अक्षरी विमानतळ संकेत आधी वाचावा आणि मगच अंतराचा विचार करावा.

आता प्रत्यक्ष मोजणी. लिस्बन ३८.७२ अंश उत्तर अक्षांश आणि ९.१४ अंश पश्चिम रेखांशावर आहे, हेलसिंकी ६०.१७ अंश उत्तर आणि २४.९४ अंश पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशांतला फरक २१.४५ अंशांचा येतो, आणि अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११ किलोमीटरचा असल्यामुळे उत्तर-दक्षिण अंतर २३८१ किलोमीटर होते. रेखांशांच्या बाबतीत एक चूक फार जणांकडून होते: एक शहर ग्रीनिचच्या पश्चिमेला आणि दुसरे पूर्वेला असेल, तर रेखांशांची वजाबाकी नव्हे, बेरीज करायची असते. इथे ती ३४.०८ अंश येते. वजाबाकी केली तर हेच उत्तर १५.८० येते आणि हेलसिंकी उचलून नॉर्वेच्या पश्चिम भागाच्या रेखांशावर नेऊन ठेवल्यासारखे होते.

रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असतो, पण रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे उत्तरेकडे गेल्यावर तोच अंश लहान होत जातो. दोन्ही शहरांचा सरासरी अक्षांश ४९.४५ आहे, त्याचे कोसाइन ०.६५ आहे, आणि १११ ला त्याने गुणल्यावर या पट्ट्यातला रेखांशाचा अंश सुमारे ७२ किलोमीटरचा निघतो. ३४.०८ गुणिले ७२ म्हणजे २४५४ किलोमीटर. आता शाळेतले पायथागोरसचे प्रमेय लावायचे: २३८१ चा वर्ग अधिक २४५४ चा वर्ग, आणि बेरजेचे वर्गमूळ. उत्तर सुमारे ३४२० किलोमीटर येते. खरे हवाई अंतर ३३६० असल्यामुळे ही चूक दोन टक्क्यांच्या आतली आहे, आणि प्रवासाचा अंदाज बांधायला एवढी अचूकता भरपूर झाली.

ही साठ किलोमीटरची चूक येते, कारण आपण गोल पृथ्वी सपाट धरली. तीही काढून टाकायची असेल तर महावर्तुळाचे, म्हणजे गोल पृथ्वीवरचा दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग मोजणारे, सूत्र वापरावे. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करावा. त्यात दोन्ही अक्षांशांची कोसाइने आणि रेखांशांतील फरकाचे कोसाइन यांचा गुणाकार मिळवावा. जी बेरीज येईल तिचे व्यस्त कोसाइन काढावे. आपल्या जोडीसाठी ही बेरीज ०.८६४१ येते, तिचा कोन ३०.२२ अंशांचा आहे, आणि तो १११.२ ने गुणला की ३३६० किलोमीटर मिळतात. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुधा साइन आणि कोसाइनची बटणे दिसू लागतात. फक्त कोन रेडियनमध्ये नसून अंशांमध्ये आहेत ना, एवढे पाहून घ्यावे. सागरी मैलही याच गणितातून येतो, कारण तो मुळात अक्षांशाच्या अंशाचा साठावा भाग आहे. ३०.२२ ला ६० ने गुणले की १८१३ सागरी मैल मिळतात. वैमानिक याच मापात बोलतात. एक सागरी मैल १८५२ मीटरचा, तर रस्त्यावरचा मैल सुमारे १६०९ मीटरचा. दोन संकेतस्थळांवरचे आकडे जुळत नसतील, तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडते.

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घेऊन त्याचे एक टोक लिस्बनवर आणि दुसरे हेलसिंकीवर धरून तो ताणून पाहावा. भिंतीवरच्या नकाशात ही रेष थेट ईशान्येला गेलेली दिसते. गोलावर मात्र दोरा आधी उत्तरेकडे अधिक झुकतो: उत्तर स्पेनमधून बिस्केच्या उपसागरावर जातो, फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर चढतो, बेल्जियम ओलांडून नेदरलँड्स आणि जर्मनीच्या सीमेजवळून डेन्मार्कच्या बेटांवर येतो, आणि मग दक्षिण स्वीडन व बाल्टिक समुद्र पार करून हेलसिंकीला पोचतो. नकाशावरची सरळ रेष आणि गोलावरचा दोरा यांच्या लांबीत या मार्गावर तीसच किलोमीटरचा फरक आहे. महासागर ओलांडणाऱ्या मार्गांवर तो शेकडो किलोमीटरपर्यंत जातो. चार हजारांच्या पुढचा जो आकडा सुरुवातीला आला, तो रस्त्याचा आहे: स्पेन, फ्रान्स, जर्मनी, पोलंड आणि बाल्टिक देशांतून टॅलिनला जायचे आणि तिथून बोटीने फिनलंडचे आखात ओलांडायचे. विमानप्रवासासाठी तो आकडा बाजूला ठेवावा.

विमान दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या विमानांचे ठरलेले मार्ग असतात, वादळी ढगांना वळसा घालावा लागतो, काही आकाशखंडांत गर्दी असते, आणि युरोपातल्या या सगळ्या वाहतुकीचा ताळमेळ ब्रुसेल्समधली युरोकंट्रोल ही संस्था घालते. म्हणून हवाई अंतरात ३ टक्के मिळवून हिशेब करावा, म्हणजे आपल्या जोडीसाठी सुमारे ३४६५ किलोमीटर. आकाशच बंद झाले तर मात्र टक्क्यांचा हिशेब उपयोगी पडत नाही, आणि याचे ठळक उदाहरण हेलसिंकीचेच आहे. २०२२ साली रशियाचे आकाश फिनलंडच्या विमानांना बंद झाल्यावर हेलसिंकीहून टोकियोला लागणारा साडेनऊ तासांच्या आसपासचा वेळ तेरा तासांच्या घरात गेला. दोन शहरे तिथेच राहिली, महावर्तुळाचे अंतर तेच राहिले, आणि प्रवास मात्र तीन-साडेतीन तासांनी वाढला. लिस्बनचा मार्ग पश्चिमेकडे असल्यामुळे त्याला ही झळ लागली नाही.

अंतर हाती आल्यावर वेळ काढणे सोपे आहे. या मार्गावर वापरली जाणारी मध्यम आकाराची जेट विमाने उंचीवर स्थिरावल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने उडतात. ३४६५ भागिले ८३० म्हणजे चार तास दहा मिनिटे. त्यात अर्धा तास मिळवावा, कारण विमान जागेवरून हलल्यापासून धावपट्टीपर्यंत जाते, वर चढताना व खाली येताना त्याचा वेग कमी असतो, आणि उतरल्यावरही ते दारापाशी लागेपर्यंत वेळ जातो. एकूण चार तास चाळीस मिनिटे झाली. विमान जागेवरून हलते तिथपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबते तिथपर्यंतच्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तिकिटावर छापलेला वेळ हाच असतो. हवेतला वेळ त्याहून कमी असतो. ‘उड्डाण चार तासांचे’ आणि ‘उड्डाण पावणेपाच तासांचे’ ही दोन्ही विधाने एकाच विमानाबद्दल खरी असू शकतात, ती यामुळेच.

हा अर्ध्या तासाचा ठोकताळा लांब मार्गांवर चांगला चालतो, पण छोट्या मार्गांवर तो कमी पडतो. लंडन आणि पॅरिसमध्ये ३४४ किलोमीटर अंतर आहे. निव्वळ वेगाने भागले तर पंचवीस मिनिटे होतात, आणि वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपासची वेळ असते. मोठ्या, गजबजलेल्या विमानतळांवर जमिनीवरच इतका वेळ जातो की अशा जोड्यांसाठी अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास किंवा त्याहून थोडा अधिक धरावा. लिस्बनलाही एकच धावपट्टी आहे आणि उन्हाळ्यात तिच्यावर बराच भार असतो. हेलसिंकीला तीन धावपट्ट्या आहेत, पण हिवाळ्यात उड्डाणापूर्वी पंखांवरचा बर्फ द्रव फवारून काढावा लागतो, आणि त्यात दहा-वीस मिनिटे सहज जातात. ही मिनिटे टाळण्यासारखी नसतात. पंखांवर बर्फ असताना विमान उडवणे धोक्याचे असते.

आता वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर या अक्षांशांत वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. आपला मार्ग सरासरीने ईशान्येला जातो, म्हणजे पश्चिमेचा वारा बरोबर पाठीमागून न येता तिरका येतो, आणि त्याच्या वेगाचा सुमारे ७० टक्के भागच आपल्या कामी येतो. समजा, वारा ताशी ७० किलोमीटर आहे. मग साथ सुमारे ५० किलोमीटरची मिळेल. लिस्बनहून हेलसिंकीला जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ८८० होईल आणि अर्धा तास धरून एकूण वेळ सुमारे चार तास पंचवीस मिनिटे येईल; परतताना वेग ७८० वर उतरेल आणि वेळ पाच तासांच्या जवळ जाईल. एकाच अंतरासाठी जाण्या-येण्यात अर्ध्या तासाचा फरक पडतो तो असा. वेळापत्रकात एवढा फरक दिसला तर तो छपाईचा दोष समजू नये.

यानंतरचा भाग घड्याळाचा, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. माझी भाची हेलसिंकीला शिकते. तिने लिस्बनला जाऊन येण्याच्या तिकिटाचा फोटो घरी पाठवला, तेव्हा माझ्या मेव्हण्यांनी दोन्ही बाजूंच्या वेळा वजा करून पाहिल्या: जाताना पावणेतीन तास आणि येताना साडेसहा तास. येताना विमान मध्ये कुठेतरी थांबणार आहे आणि मुलीने ते सांगितले नाही, असे त्यांना वाटले, आणि त्या काळजीत त्यांनी रात्री मला फोन केला. तिकीट थेट विमानाचेच होते. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. हेलसिंकीचे घड्याळ लिस्बनच्या पुढे दोन तास आहे. पश्चिमेकडे जाताना हे दोन तास वजाबाकीत हरवतात, पूर्वेकडे येताना ते वाढून दिसतात. पावणेतीन अधिक दोन म्हणजे पावणेपाच, आणि साडेसहा उणे दोन म्हणजे साडेचार. वाऱ्याचा हिशेब धरला तर दोन्ही आकडे जिथे असायला हवेत तिथेच आहेत.

हा दोन तासांचा फरक वर्षभर तसाच राहतो, कारण युरोपीय संघातले देश उन्हाळी वेळेसाठी घड्याळे एकाच क्षणी बदलतात: मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. भारताच्या घड्याळाशी असलेला फरक मात्र बदलतो. हिवाळ्यात हेलसिंकी आपल्या मागे साडेतीन तास आणि लिस्बन साडेपाच तास असते. उन्हाळ्यात हेच फरक अडीच आणि साडेचार तास होतात. घरच्यांना पोचल्याचा फोन केव्हा येईल हे सांगताना प्रवासाची तारीख या दोन रविवारांच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहावे.

थेट विमान रोजच्या सोयीच्या वेळी असेलच असे नाही. मग मध्ये विमान बदलावे लागते. अंतर आणि वेळ यांचे नाते किती सैल आहे ते इथे स्पष्ट दिसते. लिस्बन ते ॲमस्टरडॅम हे अंतर १८४७ किलोमीटर आहे आणि ॲमस्टरडॅम ते हेलसिंकी १५२१ किलोमीटर. बेरीज ३३६८ किलोमीटर होते, म्हणजे थेट अंतरापेक्षा जेमतेम चार किलोमीटर जास्त, कारण ॲमस्टरडॅम त्या ताणलेल्या दोऱ्याच्या अगदी जवळ आहे. तरीही प्रवास किमान दोन तासांनी लांबतो: दोनदा चढणे, दोनदा उतरणे, आणि मधली वाट पाहणे. मधल्या विमानतळावर हाती दीड तास तरी राहील असे पाहावे, आणि दोन्ही उड्डाणे एकाच आरक्षणावर घ्यावीत. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोचले, तर दुसऱ्या विमानाची जबाबदारी कोणीच घेत नाही.

विमान बदलण्याचे शहर निवडताना भारतीय पारपत्रधारकाने आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. पोर्तुगाल आणि फिनलंड हे दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे थेट विमानाने किंवा ॲमस्टरडॅम, फ्रँकफुर्ट, कोपनहेगनमार्गे जाताना पारपत्रावर शिक्का मारण्यासाठी रांग लावावी लागत नाही. पारपत्र मात्र जवळ ठेवावेच लागते. लंडन किंवा डब्लिनमार्गे गेलो तर आपण शेंगेन क्षेत्राच्या बाहेर पडतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर तो तिथेच संपतो आणि पुन्हा आत येता येत नाही, शिवाय मधल्या देशाचा व्हिसा लागतो की काय हेही तपासावे लागते. स्वस्त दिसणारे तिकीट घेण्यापूर्वी हे पाहून घ्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रवासाचा दिवस आखताना ब्लॉक टाइमही पुरत नाही, दारापासून दारापर्यंतचा वेळ लागतो. लिस्बनच्या जुन्या भागातल्या रोसियू चौकातून मेट्रोची हिरवी मार्गिका धरावी, अलामेदा स्थानकावर उतरून लाल मार्गिकेने विमानतळ गाठावा. चालणे धरून पाऊण तास ठेवावा. उड्डाणापूर्वी दोन तास विमानतळावर असावे. विमानात साडेचार तास. उतरल्यावर सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास, तिथून लोकल रेल्वेने हेलसिंकीच्या मुख्य स्थानकात यायला आणखी अर्धा तास, आणि मुक्कामी पोचायला पंधरा-वीस मिनिटे. सगळे मिळून साडेआठ तास झाले, आणि घड्याळाचे दोन तास पुढे गेले ते वेगळेच. सकाळी सातला लिस्बनचे हॉटेल सोडणारा माणूस हेलसिंकीच्या घड्याळात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास खोलीवर पोचतो. त्या संध्याकाळी दुसरे काही ठरवू नये. डिसेंबरात गेलात तर पोचण्याआधीच दोन-अडीच तास सूर्य मावळलेला असतो.

महावर्तुळाचे अंतर केवळ कुतूहलाचे नाही. विमान उशिरा पोचले तर त्यावर पैसे ठरतात. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, विमान कंपनीला टाळता येण्यासारख्या कारणाने प्रवासी तीन तास किंवा अधिक उशिरा पोचला, तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला २५० युरो आणि संघातल्या संघात त्याहून लांबच्या उड्डाणाला ४०० युरो भरपाई मिळते. हे अंतर महावर्तुळाच्या पद्धतीने मोजावे असे त्या नियमातच लिहिले आहे. मध्ये विमान बदलले असले तरी एकाच आरक्षणावर पहिल्या आणि शेवटच्या विमानतळामधले थेट अंतरच धरले जाते, टप्प्यांची बेरीज नव्हे. लिस्बन-हेलसिंकीसाठी ३३६४ किलोमीटर म्हणजे ४०० युरो. पोचण्याची वेळ म्हणून चाके जमिनीला टेकल्याची वेळ धरत नाहीत. विमानाचे किमान एक दार उघडून प्रवाशांना बाहेर पडता आले, तो क्षण धरतात. उशीर तीन तासांच्या काठावर असेल, तर दार उघडते त्या क्षणी घड्याळ पाहून ती वेळ लिहून ठेवावी आणि बोर्डिंग पास जपून ठेवावा.